हे पाणी काय दळून आलं?

परवा नातवाला घेऊन पाणचक्की पाहायला गेलो होतो. आमचे घर हर्सूलला. म्हणजे पाणचक्की काही फार लांब नाही. पण घराजवळच्या गोष्टी पाहायच्या राहूनच जातात, तसे आमचे झाले होते. चक्की पाहिली, उंच भिंतीवरून हौदात पडणारे पाणी पाहिले. नातू सहावीत आहे आणि प्रश्न विचारण्यात पटाईत आहे. म्हणाला, "आजोबा, हे पाणी चक्की फिरवून आलं ना? मग ते स्वच्छ कसं?" मी म्हटले, "अरे, पाण्यानं फक्त चाक ढकललं. त्यात कुणी काही मिसळलंच नाही, तर ते घाण कशानं होणार?" त्याचे समाधान झाले. मग आम्ही महमूद दरवाजापाशी आलो. पुलावरून त्याने खाली खाम नदीत पाहिले, नाकाला रुमाल लावला आणि विचारले, "मग हे पाणी काय दळून आलं?"

या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते. कारखान्यांत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ते माहीत असायलाच हवे. तरीही सांगायला मी जरा वेळ घेतला, कारण त्या उत्तरात थोडा वाटा माझाही आहे. आज आपल्याशी बोलायचे आहे ते याच विषयावर. कारखाना उभा करताना कोणती पद्धत निवडायची, हा निर्णय कोण घेतो, कधी घेतो आणि त्याची किंमत कोण मोजतो?

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. गाव वसले, पण पाण्याचे काय? तेव्हा या हबशी सेनानीने हर्सूल-सावंगीकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालून गावात आणले. हीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, मोट नाही. केवळ उताराच्या हिशेबावर पाणी चालत आले. वाटेत हवा कोंडू नये आणि दाब सांभाळला जावा म्हणून ठिकठिकाणी विटांचे उंच बंबे उभे केले. त्यातले काही आजही दिसतात. पुढे याच तऱ्हेच्या आणखी नहरी झाल्या. त्यातलीच एक पाणचक्कीची.

पाणचक्की हे बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याचे आवार. बांधकाम सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालले. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी पीठ लागे, ते दळायला ही चक्की. आता या पाण्याने किती कामे केली ते मोजा. डोंगराकडून आले, उंच भिंतीवर चढले, तिथून पडताना चक्की फिरवली. मग हौदात साठले. हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचे छप्पर, त्यामुळे भर उन्हाळ्यात ते दालन थंड राहिले. एवढे झाल्यावर उरलेले पाणी खामच्या पात्रात गेले, आणि जसे आले होते तसेच गेले.

आपले पूर्वज सगळे शहाणे आणि आपण सगळे मूर्ख, असा सूर मला लावायचा नाही. त्यांच्यापुढे डिझेल इंजिन आणि पाण्याची चक्की असे दोन पर्याय असते तर त्यांनी काय निवडले असते, कोण जाणे. पण एक गोष्ट खरी. त्यांनी जागा पाहून पद्धत निवडली. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचेही तसेच. तिथल्या हातकागदाची परंपरा थेट मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी हलवली त्या काळाशी जोडली जाते. त्यांचा कच्चा माल काय, तर चिंध्या आणि रद्दी. दुसऱ्याने फेकलेले ते यांनी उचलले.

हे झाले हातमागाच्या आणि जात्याच्या काळातले. वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या मोठ्या उद्योगाला असा पर्याय निवडता येतो का? येतो. आपल्याच राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो प्रश्न पडला होता. मुंबईच्या कापड गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा आणि गिरणगावावर दिवसभर धूर धरायचा. हा त्रास इतका वाढला की १९१२ मध्ये मुंबईत धुराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याचा मार्ग असा, की धुराडे तेच ठेवा, पण धूर कमी करा.

जमशेटजी टाटांनी दुसरा मार्ग पाहिला होता. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, तो अडवायचा आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली खोपोलीला सोडून वीज करायची. हे पाहायला जमशेटजी राहिले नाहीत, ते १९०४ मध्ये गेले. त्यांच्या मुलांनी १९१० मध्ये कंपनी काढली, १९११ मध्ये वळवणच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. गिरणीमालक सहजासहजी तयार झाले नव्हते. वाफेच्या इंजिनांत त्यांचे पैसे गुंतलेले होते, आणि चालणारे यंत्र बदलायला कोण तयार होतो? पण हळूहळू एकेक गिरणी विजेवर आली. पाणचक्कीत जे तत्त्व होते तेच इथे, फक्त चाकाच्या जागी टर्बाइन.

ही गोष्ट इथेच संपवली तर अर्धीच सांगितल्यासारखे होईल. खोपोलीच्या यशानंतर मुळशीला धरण बांधायचे ठरले आणि सुमारे पन्नास गावांवर पाणी येणार हे उघड झाले. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळचे शेतकरी सत्याग्रहाला बसले. तुरुंगवास झाले, लढा तीन वर्षे चालला, शेवटी धरण झालेच. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. मुंबईला धुराविना वीज मिळाली, त्यासाठी मावळच्या शेतकऱ्याची भातखाचरे गेली. म्हणून 'स्वच्छ' हा शब्द कुणी उच्चारला की मी दोन गोष्टी विचारतो: कुणासाठी स्वच्छ, आणि कुणाच्या जिवावर? धुराचा हिशेब मांडताना गिरणगाव मोजले गेले, मुळशी मोजली गेली नाही. तंत्र चांगले होते. निवडताना ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले नाही, हा दोष होता.

आता परत आपल्या शहरात येऊ. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आपण त्याला एमआयडीसी म्हणतो आणि वसाहतीलाही एमआयडीसीच म्हणतो. पुढे चिकलठाणा वसली, वाळूज वसली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या कितीतरी पोरांच्या हाताला काम मिळाले. त्या काळात शहरात आलेल्या तरुण इंजिनिअरांपैकी मी एक. उद्योग आले नसते तर आमच्या पिढीचे काय झाले असते, याची मला चांगली कल्पना आहे. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते उद्योगांविरुद्ध आहे असे कृपा करून समजू नका.

१९८८-८९ च्या सुमाराची गोष्ट. मी एका छोट्या कारखान्यात होतो. नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. लोखंडी सुट्या भागांवर जस्ताचा थर चढवून त्याला पिवळी चकाकी देण्याचे प्लेटिंगचे काम नव्याने सुरू करायचे होते. आराखडा माझ्याकडे आला. प्लेटिंगमध्ये जॉब एका टाकीतून काढून धुवायचा आणि पुढच्या टाकीत बुडवायचा, असे चालते. धुवायच्या टाक्या किती ठेवायच्या? पुस्तकात दोन-तीन सांगितल्या होत्या. जागा अपुरी होती, बजेट त्याहून अपुरे. मी पेन्सिलीने दोन टाक्या खोडल्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच ठेवली. अर्ध्या तासाचे काम. मालक खूश, मीही खूश.

त्या खोडण्याचा अर्थ काय होतो ते सांगतो, कारण या गणिताने पुढे मला बरेच काही शिकवले. रसायनाच्या टाकीतून जॉब बाहेर काढला की त्याला थोडे द्रावण चिकटून येते. ते हजारपट पातळ होईपर्यंत धुवायचे असेल, तर एकाच टाकीत चिकटून आलेल्या दर लिटरमागे सुमारे हजार लिटर पाणी लागते. तेच दोन टाक्या एकापुढे एक जोडल्या आणि पाणी जॉबच्या उलट दिशेने सोडले, तर बत्तीस लिटरच्या आसपास पुरते. तीन टाक्या असल्या तर दहा. आमच्या आजीला हे ठाऊक होते. ती भांडी आधी मळक्या पाण्यात खळबळायची, मग शेवटी एकदा चांगल्या पाण्यातून काढायची. इंजिनिअर झालेल्या नातवाला ते सुचले नाही.

परिणाम काय झाला? सांडपाणी भरमसाट झाले. ते शुद्ध करायचा जो प्रकल्प होता, ज्याला आम्ही ईटीपी म्हणतो, तो एवढ्या पाण्यासाठी बांधलेलाच नव्हता. जेवढे झेपेल तेवढे पाणी त्यातून जायचे, उरलेले रात्री नाल्यात. पिवळ्या चकाकीसाठी जे रसायन लागते त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असते. ते विषारी आहे, कर्करोगाला कारण ठरणारे आहे. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असे मानक सांगते. आमच्या नाल्यात किती होते ते आम्ही कधी मोजलेच नाही.

दोन पावसाळे गेले. एके दिवशी नाल्याकडेच्या शेताचे मालक कारखान्यात आले. वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांनी काचेची एक बाटली माझ्या टेबलावर ठेवली. आत पिवळसर पाणी. म्हणाले, "साहेब, विहिरीचं पाणी हाय. बैल तोंड लावंना याला." एवढेच. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. मी त्यांना पाणी विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नको म्हणाले.

पुढे काही महिने टँकर पाठवला, थोडी भरपाई दिली, प्रकरण मिटले. विहीर मात्र मिटली ती कायमची. ईटीपी मोठा केला, त्याला मी खोडलेल्या टाक्यांच्या कितीतरी पट खर्च आला. आणि गंमत पाहा, मग एका जुन्या कारागिराने सुचवले की जॉब बाहेर काढल्यावर टाकीवरच थोडा वेळ निथळू द्या. तसे केले, तर रसायनाची खरेदीच कमी झाली. इतके दिवस आम्ही पैसे देऊन घेतलेले रसायन नाल्यात सोडत होतो आणि ते नाल्यातून काढायला परत पैसे देत होतो.

माझ्या या छोट्या चुकीसारखीच एक फार मोठी निवड त्याआधी भोपाळमध्ये झाली होती. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे गेली. झडपा, थंड ठेवण्याची यंत्रणा, धोक्याचा भोंगा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण एक मूलभूत प्रश्न मागे राहतो. ज्या कीटकनाशकासाठी हा वायू साठवला जात होता ते कार्बारिल, हा वायू मध्ये न आणताही करता येते. रसायनांचा क्रम बदलला की झाले. तो मार्ग निर्धोक होता असे नाही, त्यातही विषारी फॉस्जिन लागतेच. पण मिथाइल आयसोसायनेटच्या भरलेल्या टाक्या गावाच्या उशाशी ठेवण्याची गरज त्यात नव्हती. ट्रेव्हर क्लेट्झ हे ब्रिटिश रसायन अभियंते भोपाळच्या सात-आठ वर्षे आधीपासून सांगत होते, की धोकादायक पदार्थ सांभाळण्याचे उपाय शोधण्यापेक्षा तो पदार्थ लागणारच नाही किंवा अगदी थोडा लागेल अशी पद्धत शोधा.

आपले कायदे मात्र बराच काळ नळीच्या शेवटच्या टोकाला उभे राहून तपासणी करत आले. महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. जलप्रदूषणाचा कायदा आपण १९६९ मध्ये केला, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन केले, केंद्राचा कायदा त्यानंतर १९७४ मध्ये आला. बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय किती असावे याची कोष्टके आली. ती हवीतच. पण कारखान्याच्या आत पद्धत कोणती, हे विचारण्याची वेळ फार पुढे आली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने १९९० च्या सुमारास 'क्लीनर प्रॉडक्शन' ही कल्पना जगभर मांडायला सुरुवात केली. घाण निर्माण करून मग साफ करण्यापेक्षा ती मुळातच कमी होईल असे उत्पादन करा, असा तिचा साधा अर्थ. आपल्याकडे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास १९९४ च्या अधिसूचनेने ठरावीक मोठ्या प्रकल्पांना बंधनकारक झाला. २००६ च्या अधिसूचनेत अहवालाचा जो साचा दिला आहे, त्यात पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार हे वेगळे प्रकरणच आहे. मी निवृत्तीपूर्वी असे काही अहवाल चाळले. झाडे, पक्षी, हवामान यांवर पानेच्या पाने असत. पर्यायांचे प्रकरण बहुधा पान-दीड पानात आटोपलेले. पद्धत आधीच ठरलेली, यंत्रांची ऑर्डर गेलेली, मग पर्याय लिहायचे कशासाठी?

मग बदल होतो तरी कसा? प्लेटिंगचेच सांगतो. युरोपीय संघाने २००० मध्ये मोडीत निघणाऱ्या वाहनांविषयी एक निर्देश काढला. त्यानुसार २००७ च्या जुलैपासून नव्या गाड्यांच्या गंजरोधक थरांत हेक्साव्हॅलंट क्रोमियम चालेनासे झाले. तिकडे माल पाठवणाऱ्यांना, आणि त्यांना भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांना, कमी घातक अशा ट्रायव्हॅलंट पद्धतीकडे वळावेच लागले. 'जमणार नाही', 'परवडणार नाही' म्हणणाऱ्या मंडळींनाही ते जमले आणि परवडले. मला आनंद झाला, पण मनात आलेच: सातासमुद्रापलीकडच्या गाडीसाठी जी पद्धत बदलता येते, ती नाल्याकडेच्या विहिरीसाठी का बदलली नाही?

हा प्रश्न एका विहिरीचा नाही. खाम आमच्याकडच्या डोंगरांतून निघते, हर्सूलवरून शहरात येते, शहराचे सांडपाणी पोटात घेते आणि पुढे गोदावरीला मिळते. तिथेच जायकवाडीचा नाथसागर. १९७६ मध्ये धरण पूर्ण झाले, आणि आज शहराची तहान मुख्यतः तेच भागवते. म्हणजे आपण जे दळतो ते फिरून आपल्याच ताटात येते. २०२१ पासून महापालिका आणि स्वयंसेवी मंडळींनी खामच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. काही काठ खरोखर पालटले आहेत, आणि त्याचे कौतुक व्हायला हवे. पण काठ स्वच्छ करणारे हात एकीकडे आणि घाण सोडणाऱ्या नळ्या दुसरीकडे, अशी शर्यत किती दिवस चालवायची?

पाण्याची किंमत आपल्याला फक्त दुष्काळात कळते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कपात करायला सांगितले. इतर उद्योगांनाही कपात सोसावी लागली. त्या दिवसांत ज्या कारखान्यांनी पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याची सोय आधीच केली होती त्यांना कमी झळ लागली. बाकीचे टँकर शोधत फिरत होते. ज्याला आपण खर्च म्हणत होतो तो विमा होता, हे तेव्हा ध्यानात आले.

आज पुन्हा एक दार उघडले आहे. शेंद्रा-बिडकीनची ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी उभी राहते आहे. तिच्या शेंद्रा भागाचे उद्घाटन २०१९ मध्ये झाले. बिडकीन तर पैठणच्याच रस्त्यावर, म्हणजे नाथसागराच्या दिशेला. नवे प्लॉट, नवे आराखडे. कुठल्या तरी टेबलावर आज एखादा तरुण इंजिनिअर हातात पेन्सिल घेऊन, किंवा आता संगणकापुढे बसून, टाक्या मोजत असेल. त्याला माझे सांगणे एवढेच, की बाबा, खोडण्याआधी चार प्रश्न विचार. हे रसायन लागतेच का? लागत असेल तर कमी लागेल अशी पद्धत आहे का? वापरलेले पाणी परत फिरवता येईल का? आणि यात काही चुकले तर पहिली झळ कुणाला लागेल?

हे प्रश्न त्याच्या एकट्याचे नाहीत. प्रकल्पाची जनसुनावणी असते तेव्हा आपण नोकऱ्या किती आणि जमिनीचा भाव काय, एवढेच विचारून घरी येतो. तेही विचारावे. त्यासोबत, 'साहेब, हाच माल करायच्या पद्धती किती, आणि तुम्ही हीच का घेतली?' हेही विचारावे. अनेक औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना जनसुनावणीतून सूट असते. तिथे मग माल घेणाऱ्या कंपनीने, कर्ज देणाऱ्या बँकेने आणि संमतीचा कागद देणाऱ्या मंडळाने हे विचारायला हवे. मुळशीच्या शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते. माझ्या टेबलावर बाटली ठेवणाऱ्या त्या गृहस्थांनाही नव्हते.

नातवाला मी शेवटी सगळे सांगितले. पेन्सिल, टाक्या, विहीर, काही लपवले नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, त्या दोन टाक्या ठेवल्या असत्या तर किती पैसे लागले असते?" मी आकडा सांगितला. आज तो आकडा ऐकून हसू येते. तो मात्र हसला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)